साइमाच्या नावाचं नूतनीकरण

आमच्या घरात बिल आलं की त्याच दिवशी भरायचं. वीज असो, पाणी असो, चर्चची वर्गणी असो, पोस्टाची गाडी वळणाआड जायच्या आत माझ्या हातात पेन असायचं. आईने लावलेली शिस्त. आम्हा केतोलांच्या कारखान्याचं कार्यालय मी एकेचाळीस वर्षं सांभाळलं आणि या शिस्तीचा मला भारी तोरा होता. होता म्हणते, कारण तिच्याचपायी मी आईचं नाव घालवलं.

कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. मिशिगन राज्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याला खेटून, कोस्किला नावाचं आमचं गाव. तिथे एक पत्र्याची शेड, सहा कामगार, माझा थोरला भाऊ आर्वो आणि मी. आमचा जिल्हा मिशिगनचा असला तरी घड्याळ विस्कॉन्सिनचं लावतो. बाकीचं मिशिगन आमच्या तासभर पुढे. आर्वोच्या एका पुतणीचं लग्न पलीकडच्या जिल्ह्यात होतं, तर हा कोट घालून, फुलं घेऊन, अगदी वेळेवर पोचला तेव्हा वऱ्हाड जेवायला बसलं होतं. वर यानेच त्यांना झापलं, की एवढी कसली घाई होती. गावात अजून हसतात.

आम्ही मासेमारीचे चमचे बनवतो. पितळेचा वाकवलेला पत्रा आणि त्याला गळ. पाण्यातून ओढला की जखमी माशासारखा लुकलुकतो आणि मोठा मासा त्याच्यावर तुटून पडतो. पहिला चमचा आईने केला, बाबा खाणीच्या संपात घरी बसले होते त्या हिवाळ्यात, लग्नात आलेल्या जेवणाच्या चमच्याचा दांडा कापून. आईचं नाव साइमा. तेव्हापासून प्रत्येक चमच्याच्या पाठीवर पोलादी ठशाने एका घावात ते नाव उमटतं. दुकानात लोक चमचा मागत नाहीत, साइमा मागतात. तसा पत्रा कोणीही वाकवू शकतं, पण नाव आमचं होतं, वॉशिंग्टनच्या सरकारी कार्यालयात आर्वोच्या नावे नोंदवलेलं. दर दहा वर्षांनी त्या नोंदीचं नूतनीकरण करावं लागतं, इतपत मला ठाऊक होतं. बाकीचं आमचे जुने वकील बघायचे, आणि ते वारले.

ते वारले त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये पोस्टाने एक कागद आला. जाडजूड, वर गरुड, खाली निळी मोहोर, मध्ये आमच्या नावाचं चित्र. नोंदणीचा क्रमांक बरोबर, मुदत संपायची तारीखही बरोबर. नूतनीकरणाचं शुल्क एक हजार तीनशे पंच्याऐंशी डॉलर. मी चष्मा पुसला, क्रमांक फाइलशी ताडून पाहिला आणि चेक लिहिला. मागच्या बाजूला फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीबाही छापलेलं होतं, ते काही मी वाचलं नाही. तीन आठवड्यांनी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र आलं. ते मी चौकटीत बसवून कॉफीच्या यंत्राच्या वर टांगलं. आर्वो त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं आहे, एल्मा." आमच्या घराण्यात एवढं कौतुक कोणाचं होत नाही. मी आठवडाभर हवेत होते.

जूनमध्ये चर्चच्या तळघरात आम्हा म्हाताऱ्यांसाठी एक वर्ग झाला, फसवणुकीपासून सावध कसं राहावं याचा. शेरिफच्या कचेरीतला एक गोरागोमटा पोरगा आला होता. त्याने बजावलं की संगणकावर कोणी पत्र पाठवून पैसे भरायची घाई करायला लागला, की उघडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, पुसून टाकायचं. संगणकावरच्या खऱ्या सरकारी पत्त्यांची यादी छापलेला एक कागदही त्याने वाटला. पोस्टाने येणाऱ्या कागदाबद्दल तो काही बोलला नाही आणि आम्ही विचारलंही नाही. तिकीट लावून आलेला, घडी घातलेला कागद खोटा असू शकतो हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नसतं.

दोन दिवसांत कारखान्याच्या संगणकावर पत्र आलं. वॉशिंग्टनहून. आपल्या नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत सुरू झाली आहे म्हणे. मी मनातल्या मनात हसले आणि पुसून टाकलं. दुपारच्या कॉफीला आर्वोला ती गोष्ट अगदी तिखटमीठ लावून सांगितली, की चोरांनी मला गाठलं पण मी काही त्यांच्या हाती लागले नाही. तो वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत होता. पाव भिजून तुटला, कपाच्या तळाशी गेला, तरी त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, कान गेले याचे.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा दक्षिणेकडच्या एका बड्या कंपनीचा नवा कॅटलॉग हातात पडला. चौदाव्या पानावर चमचा, आमच्या चमच्याचा सख्खा भाऊ शोभेल असा, आणि खाली नाव: साइमा. माझं डोकंच फिरलं. आर्वो जंगलातल्या झोपडीवर गेला होता. मी भिंतीवरचं प्रमाणपत्र चौकटीसकट काखेत मारलं आणि शुक्रवारी दुपारी मार्लिसकडे गेले. मार्लिस तरुण वकील, आमच्या गावात नवीन. तिचं नारिंगी शिकारी जाकीट खुंटीला तयार होतं. संध्याकाळी तीही नवऱ्याबरोबर निघणार होती. मी चौकट तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, या चोरांना एक सणसणीत पत्र धाड.

तिने प्रमाणपत्र वाचलं, उलटून चौकटीची पाठ पाहिली, मग संगणकावर काहीतरी शोधलं. 

"एल्माबाई, हे सरकारी नाही," ती म्हणाली. "ही एक खासगी कंपनी आहे. त्यांच्या स्वतःच्या एका यादीत तुमचं नाव छापायचे त्यांनी पैसे घेतले. मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, म्हणून सहसा कोणी त्यांना हात लावू शकत नाही."

"पण क्रमांक बरोबर होता."

"क्रमांक सगळ्या जगाला दिसतो. तारीखही दिसते. तिथूनच उचलतात."

मग तिने पुढचं सांगितलं. खरी मुदत मे महिन्यात संपली होती. वर सहा महिन्यांची सवलत असते, ती मंगळवारी, बावीस तारखेला संपत होती. त्या बड्या कंपनीने साइमा नावासाठी अर्ज केलेलाच होता. आमची नोंद मध्ये होती म्हणून तो अडकून पडला होता. आमची नोंद पडली की त्यांचा अर्ज पुढे सरकणार. अजून चार दिवस होते आणि अर्ज सोपा होता. मार्लिसने तो तिथल्या तिथे भरून माझ्या घरच्या संगणकावर पाठवला. उरलं होतं फक्त आर्वोचं शपथपत्र: नाव अजून वापरात आहे असं मालकाने लिहून द्यायचं आणि स्वतःच्या बोटांनी आपलं नाव टंकायचं. त्याच्या वतीने मी टंकलं तर तो गुन्हा.

"मंगळवार संपायच्या आत पाठवा," तिने दारात पुन्हा बजावलं. "एक मिनिट उशीर झाला तरी चालत नाही."

आता कोणीही विचारेल की मी तशीच गाडी काढून जंगलात का गेले नाही. झोपडी घरापासून सत्तर मैलांवर, तिथे फोन लागत नाही, आणि हंगामात पुरुषांच्या झोपडीवर बाईने जायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. आमच्या मावशीचा नवरा गेला तेव्हासुद्धा झोपडीवर गेलेल्या तिच्या भावांना चार दिवसांनी कळलं, आणि मावशीलाच ते बरोबर वाटलं. हे सगळं खरं आहे, आणि हे सगळं निमित्त आहे. खरं कारण म्हणजे मला लाज वाटत होती. मी शनिवारी आर्वोला काय सांगायचं ते पाठ केलं. रविवारी चर्चमध्ये बसून तेच पुन्हा पाठ केलं. सोमवारी गाडी काढली, जंगलात शिरणाऱ्या कच्च्या रस्त्यापर्यंत गेले, तिथे दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बसले आणि परत आले. सहासष्ट वर्षांची बाई, आणि फुलदाणी फोडलेल्या पोरीसारखी लपत होते.

मंगळवारी मात्र गेले. चारच्या सुमाराला पोचले तेव्हा आर्वोचे दोन मित्र झोपडीबाहेर लाकडं फोडत होते. मला पाहून दोघांनी टोप्या काढल्या. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं. मी म्हटलं, सगळे जिवंत आहेत. मग त्यांनी काही विचारलं नाही, कॉफी दिली. आर्वो मचाणावर होता. हंगामात दिवसाउजेडी नारिंगी टोपीशिवाय झाडीत शिरायचं म्हणजे गोळी खायची तयारी ठेवायची, तेव्हा थांबणं भाग होतं. अंधार पडला तरी तो आला नाही. त्या दिवशी नेमकं त्याने हरीण टिपलं होतं आणि जखमी जनावराचा माग काढत तो दोन मैल आत गेला होता. आठ वाजता हरीण ओढत आला. बर्फ पडायला लागलं होतं.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. "मी फसले, आर्वो," म्हटलं. "भिंतीवरचा कागद खोटा आहे. आईचं नाव आज रात्री जातंय." आणि काय करायचं ते सांगितलं. त्याने हात बर्फाने धुतले, मित्रांना म्हणाला, हरीण तुम्ही बघा, आणि माझ्या गाडीत चालवायला बसला.

वीस मैल तो काही बोलला नाही. काचेवर बर्फाचा मारा चालला होता, पुढचं वळण दिसत नव्हतं. मी वाट पाहत होते की आता बोलेल, आता घालूनपाडून बोलेल, एकदाचं बोलून टाक बाबा.

"मीपण भरले," तो म्हणाला.

"काय भरलंस?"

"पैसे. असलाच कागद मला घरी आला होता. तुझ्या आधी महिनाभर. माझ्या कागदावर गरुड नव्हता, सिंह होता."

 तो रस्त्यावरची नजर न काढता सांगत राहिला. अठराशे डॉलर भरले होते. बँकेतल्या पोरीने हटकलं की असल्या कंपनीला पैसे का पाठवलेत, तेव्हा कळलं की आपण गंडवले गेलो. बाहेर कोणाला सांगायची सोय नव्हती, आणि मला सांगायची तर अजिबातच नव्हती, कारण बारीकसारीक अक्षरांवरून तो जन्मभर कामगारांना फैलावर घेत आला होता. मग मी भिंतीवर प्रमाणपत्र टांगलं.

"मला वाटलं, तुझं तरी खरं आहे," तो म्हणाला. "तू कधी चुकत नाहीस."

"आणि मी त्या वर्गाची गोष्ट सांगितली, तेव्हा?"

"तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं."

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. हा पण माझ्याइतकाच मूर्ख निघाला, या विचाराने छातीवरचा धोंडा उतरला. मग हळूहळू राग चढायला लागला. त्या दिवशी पाव बुडवण्याऐवजी हा एक वाक्य बोलला असता, तर मी माझा कागद उलटून पाहिला असता. मग मला आठवलं की मीसुद्धा शुक्रवारपासून चार दिवस तोंड शिवून बसले होते, आणि तो राग मी गिळला. आम्ही दोघं एकाच आईची पोरं.

घरी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. मी संगणक लावला, अर्ज उघडला. आर्वोने खुर्ची ओढली आणि टेबलावर पंजा ठेवला.

"घाई नको," तो म्हणाला. "हातात जवळजवळ दीड तास आहे. या खेपेला एकेक अक्षर वाचायचं."

आणि आम्ही वाचलं. मी मोठ्याने वाचत होते, तो ऐकत होता. शपथेचा परिच्छेद त्याने दोनदा वाचायला लावला. खालची बारीक अक्षरं मी भिंग आणून वाचली. पत्ता सरकारीच आहे ना, हे शेरिफच्या पोराने दिलेल्या कागदाशी ताडून पाहिलं. चमच्याचा फोटो मार्लिसने जोडला होता तो उघडून, पाठीवरचा ठसा नीट दिसतो ना, ते बघितलं. आयुष्यात कोणताही कागद आम्ही इतक्या काळजीने वाचला नसेल. मग आर्वोने जाड बोटांनी, एकेक कळ शोधत, आपलं नाव टंकलं. मी शुल्क भरलं आणि बटण दाबलं. अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. आर्वो उठला, त्याने कॉफी ठेवली, दोन कप काढले, आणि कित्येक वर्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

कॉफी उकळत होती तेव्हा पोच आली. मी तीही वाचली, कारण आता सगळंच वाचायचं ठरलं होतं. अर्ज मिळाल्याची तारीख: तेवीस नोव्हेंबर. वेळ: बारा वाजून एकवीस मिनिटं.

मी म्हटलं, चुकलंय काहीतरी. पुन्हा वाचलं. मग खाली पाहिलं, तिथे स्वच्छ, ठळक, चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सर्व वेळा वॉशिंग्टनच्या. वॉशिंग्टनही आमच्या तासभर पुढे. आम्ही खुर्च्या ओढून बसलो तेव्हा तिथे मंगळवारची सव्वीस मिनिटं शिल्लक होती. सही करायला दोन लागली असती. बाकीची आम्ही सावधपणाने वाचण्यात घालवली.

आर्वो कप घेऊन आला. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्याने तारीख पाहिली, वेळ पाहिली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुतणीच्या लग्नात फुलं घेऊन उभा होता तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या रात्री मी संगणक बंद केला. कॉफी प्यायलो, आणि तो सोफ्यावर बूट न काढता झोपला.

जानेवारीत नोंद रद्द झाल्याचं पत्र आलं. मार्लिस बिचारी रडायच्या बेताला आली होती. घड्याळातला तासाचा फरक सांगायला आपण विसरलो, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ती म्हणाली, आधीपासूनचा वापर दाखवून लढता येईल, हक्क अगदीच संपलेला नाही. मात्र दोन-तीन वर्षं लागतील आणि समोरच्याकडे वकिलांची फौज आहे. तोवर दुकानदारांना कंपनीची पत्रं गेलीच होती की साइमा नावावर दावा चालू आहे, तेव्हा माल घेताना विचार करावा. दोन दुकानांनी मागणी थांबवली. कारखाना विकूनसुद्धा त्या खटल्याचा खर्च पुरा झाला नसता. आर्वोने सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाला.

मी त्याला म्हटलं, मला शिव्या दे. निदान एकदा दे. तो म्हणाला, "मग मला कोण देणार?" आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रावर पाहते तर माझं प्रमाणपत्र परत टांगलेलं, आणि शेजारी दुसरी चौकट लटकत होती. सिंहवाली. अठराशे डॉलरची. कामगार विचारतात, तेव्हा तो सरळ सांगतो, डावीकडचं तिचं आणि उजवीकडचं माझं.

मार्चमध्ये जुना ठसा त्याने तेल लावून, फडक्यात गुंडाळून आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवला. नवा ठसा डुलुथ शहरातल्या कारागिराकडून आला. नवं नाव काय ठरवलंय ते त्याने मला सांगितलं नव्हतं, फक्त अर्जाचा कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, या खेपेला तू पाठव, वॉशिंग्टनच्या घड्याळाने. मी नावाच्या रकान्याशी आले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं: एल्मा.

याला क्षमा म्हणायची की शिक्षा, हे मी त्याला विचारलं नाही. आमच्यात असलं काही विचारत नाहीत. न विचारल्याने काय होतं ते पुरतं भोगूनसुद्धा आम्ही सुधारलो नाही. अर्ज मी सकाळी नऊला पाठवला.

चमचे पुठ्ठ्यावर लावून पाकिटात भरायचं काम माझ्याकडे आहे. दिवसाला तीनशे. प्रत्येक उलटून बघावा लागतो, ठसा सरळ उमटलाय की नाही ते. जिथे पन्नास वर्षं आईचं नाव असायचं, तिथे दिवसातून तीनशे वेळा मला माझं नाव वाचावं लागतं.